मापाची चूक आणि हुकलेला वाफसा

मृगाचा पाऊस पडून गेला, दोन दिवस उघडीप मिळाली आणि रानाला वाफसा आला, की शेतकऱ्याच्या पायाला भिंगरी लागते. बियाणं घरात असतं, खत आणून ठेवलेलं असतं, ट्रॅक्टरवाल्याची वेळ ठरलेली असते. अशा वेळी पेरणीयंत्राचा एखादा भाग मोडला, तर त्या माणसाची काय गत होते हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

गोष्ट आमच्याच भागातली आहे. एका शेतकऱ्याच्या पेरणीयंत्रात बियाण्याचा दांडा फिरवणारे दातेरी चाक होते. त्याचे दाते झिजले, चेन उतरू लागली. त्याने तालुक्याच्या लेथवाल्याला फोन लावला. "मिस्त्री, तसलंच चाक करून ठेवा. भोक एक इंचाचं ठेवा, तासाभरात पोरगं येतंय न्यायला." मिस्त्रींनी काम चोख केले. एक इंच सांगितले, एक इंचच भोक पाडले. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. यंत्रातला दांडा मात्र होता २५ मिलिमीटरचा.

फरक किती? अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. चाक दांड्यावर बसले, वरून बोल्ट आवळला, यंत्र रानात गेले. पण भोक ढिले म्हणून चाक तिरपे बसले आणि कडेला चांगला दोन मिलिमीटर हेलकावा खाऊ लागले. तासाभरात हादऱ्याने बोल्ट सैल पडला. मग चेन फिरत होती, चाकही फिरत होते, पण चाक नुसते दांड्याभोवती फिरत होते. दांडा जागच्या जागी! ट्रॅक्टरवरच्याने मागे वळून पाहिले, चेन चालू दिसली, तो निर्धास्त राहिला. दीड एकर झाल्यावर पेटी उघडली तर बियाणे जवळपास तसेच. कोणत्या तासात पडले आणि कोणत्या तासात नाही, हे उगवण झाल्यावरच कळणार होते. संध्याकाळी पुन्हा पाऊस आला, वाफसा गेला. पुढे नांग्या भरता भरता घरच्या बायामाणसांचे हाल झाले.

चूक कोणाची? शेतकरी म्हणतो, "मी एक इंच म्हणजे पंचवीसच समजत होतो." मिस्त्री म्हणतात, "मला जे सांगितलं ते मी केलं." दोघेही खोटे बोलत नाहीत. दोघांच्या मधे एक कागद हवा होता, तो नव्हता. त्या कागदाला ड्रॉइंग म्हणतात आणि आज तोच कागद कॉम्प्युटरवर काढला जातो, त्याला कॅड म्हणतात. शहरातल्या कारखान्यांचा हा विषय, आपल्याला काय करायचंय, असे म्हणण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत. म्हणून आज जरा सविस्तर.

फरशीवरचा खडू हेही ड्रॉइंगच

आपल्या सुतार-लोहारांना माप कळत नव्हते असे कोणी समजू नये. गुण्या, ओळंबा, पाणसळ ही साधने त्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. इंचाचे आठ भाग करून एकेका भागाला सूत म्हणायचे आणि "दोन सूत तासून टाक" एवढ्यावर दरवाजाची चौकट चपखल बसवायची, हे कसब लहान नाही. तिफणीच्या फणांमधले अंतर, चाड्याची भोके, कुळवाच्या पासेची लांबी हे सगळे मिस्त्रींच्या डोक्यात आणि हातात असते. अडले तर ते खडूने फरशीवर आकृती काढून दाखवतात.

अडचण एवढीच की फरशी संध्याकाळी झाडली जाते, आणि डोक्यातले माप मिस्त्रींबरोबर गावाला निघून जाते. ज्याने आकृती काढली तो समोर नसतानाही दुसऱ्या माणसाला तीच वस्तू जशीच्या तशी करता आली पाहिजे, यासाठी तांत्रिक ड्रॉइंग असते. ती एक भाषा आहे. तिला व्याकरण आहे आणि ते दहावीची भूमिती झालेल्या कोणालाही शिकता येते.

एकाच वस्तूची तीन तोंडे

पहिला नियम दृश्यांचा. चित्रकार वस्तू डोळ्याला दिसते तशी काढतो. लांबचे लहान, जवळचे मोठे. ड्रॉइंगमध्ये तसे चालत नाही, कारण त्यावरून माप घेता येत नाही. म्हणून वस्तूकडे सरळ समोरून, सरळ वरून आणि सरळ बाजूने बघायचे आणि तीन वेगळ्या आकृत्या काढायच्या. समोरच्या दृश्याला एलेव्हेशन, वरच्याला प्लॅन आणि बाजूच्याला साइड व्ह्यू म्हणतात.

धान्य मोजायची पायली समोर ठेवून बघा. वरून गोल दिसते, समोरून चौकोन दिसतो. नुसता गोल दाखवला तर ती भाकरीही असू शकेल. नुसता चौकोन दाखवला तर पेटी वाटेल. दोन्ही मिळून मात्र पायलीच. एक वीट घेतली तर तिन्ही बाजूंनी तीन वेगवेगळे चौकोन मिळतात आणि लांबी, रुंदी, जाडी तिन्ही हाती लागतात.

ही युक्ती नीट बांधली ती गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञाने, अठराव्या शतकात. तरुणपणी तो लष्करी अभियंत्यांच्या शाळेत कामाला होता. किल्ल्याची भिंत कोठे किती उंच ठेवली म्हणजे शत्रूचा मारा आत पोचणार नाही, याचे गणित तेव्हा फार वेळखाऊ असे. मोंजने ते आकृत्यांनी इतक्या लवकर सोडवले की अधिकाऱ्याला आधी खरेच वाटेना. पुढे ही रीत बरीच वर्षे लष्करी गुपित म्हणून राखली गेली आणि १७९५ मध्ये तो ती उघडपणे शिकवू लागला. आज आयटीआयच्या पोराला पहिल्या महिन्यात जे शिकवतात, ते एके काळी फ्रान्सचे गुपित होते.

इथे एक खाचखळगा आहे. भारतात आणि युरोपात वरचे दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली काढतात. याला फर्स्ट अँगल म्हणतात. अमेरिकेत ते वर काढतात. तो थर्ड अँगल. कागदाच्या कोपऱ्यात एका कापलेल्या शंकूची छोटी खूण असते, ती पाहून कोणती पद्धत हे ओळखायचे. खूण न पाहता काम सुरू केले तर डाव्या बाजूची पट्टी उजव्या बाजूची होऊन येते आणि लोखंड, गॅस, मजुरी सगळे भंगारात जाते. बाहेरच्या कंपनीचे काम घेणाऱ्या छोट्या वर्कशॉपवाल्यांनी हे मनावर कोरून ठेवावे.

रेघ बोलते

ड्रॉइंगमधली प्रत्येक रेघ काहीतरी सांगत असते. जाड सलग रेघ म्हणजे दिसणारी कड. तुटक रेघ म्हणजे आत दडलेली, वरून न दिसणारी कड. लांब-आखूड-लांब अशी बारीक रेघ म्हणजे मध्यरेषा. गोल वस्तूचा किंवा भोकाचा मध्य तिच्यावर असतो. बारीक सलग रेघ मापे दाखवायला.

आतला भाग फार गुंतागुंतीचा असला की तुटक रेघांचे जाळे होते. मग वस्तू मधोमध कापली आहे असे समजून आतले दाखवतात. याला छेद किंवा सेक्शन म्हणतात. कलिंगड पिकलंय की नाही हे बघायला फोड काढतो, तसाच प्रकार. विहीर खोदणाऱ्यांना तर हे सांगायलाच नको. वर माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, असे विहिरीचे उभे चित्र आपण बांधावर बसून मातीत काढतोच की. तो छेदच असतो. ड्रॉइंगमध्ये कापलेल्या भागावर ४५ अंशांत बारीक तिरप्या रेघा मारतात, म्हणजे कोठे धातू आहे आणि कोठे पोकळी, हे लगेच कळते.

नकाशावर पट्टी ठेवू नका

आता स्केल, म्हणजे प्रमाण. हा विषय शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचा, कारण तो थेट बांधाला जाऊन भिडतो.

जुन्या मुंबई इलाख्यात जमिनीची मोजणी ३३ फुटांच्या साखळीने होई. तिचे १६ भाग, त्यांना आणे म्हणत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद, म्हणजे १०८९ चौरस फूट, हा आपला गुंठा. गुंठा नावाचे माप त्या साखळीतून आले आहे. गावाचे जुने नकाशे बहुधा एका इंचाला २० साखळ्या, म्हणजे ६६० फूट या प्रमाणात काढलेले. हिशेब केला तर प्रमाण येते १ ला ७९२०.

म्हणजे नकाशावरचा एक मिलिमीटर जमिनीवर जवळपास आठ मीटर असतो. आणि नकाशावरची शाईची रेघ? ती जर अर्धा मिलिमीटर जाड असेल, तर जमिनीवर तिची रुंदी होते सुमारे चार मीटर, म्हणजे तेरा फूट! तीनशे फूट लांबीच्या बांधाला एवढ्या रुंदीने गुणले तर साडेतीन गुंठे क्षेत्र नुसत्या रेघेच्या पोटात जाते. आणि आपल्याकडे भाऊबंद गावनकाशाच्या झेरॉक्सवर फूटपट्टी ठेवून हातभर बांधासाठी कोर्टात जातात! त्यात झेरॉक्स मशीन कागद किंचित लहान-मोठा करते, फोनवर आलेल्या फोटोचे तर काही विचारूच नका.

म्हणूनच मोजणीवाले नकाशावर पट्टी न ठेवता टिपणावर आणि फाळणीवर लिहिलेली मापे बघतात. कारखान्यातही हाच नियम आहे. चांगल्या ड्रॉइंगवर स्पष्ट लिहिलेले असते की यावरून पट्टीने माप घेऊ नये, लिहिलेले मापच खरे मानावे. आकृती प्रमाणात काढलेली असली तरी ती समजण्यासाठी असते. काम आकड्यावर करायचे.

कागदाचेही माप ठरलेले असते. सर्वांत मोठा ए-शून्य, त्याचे क्षेत्रफळ बरोबर एक चौरस मीटर. तो मधोमध दुमडला की ए-एक, तो दुमडला की ए-दोन. असे चार वेळा केले की आपला रोजच्या वापरातला ए-चार, २१० बाय २९७ मिलिमीटर. गंमत अशी की कितीही वेळा निम्मा केला तरी कागदाची ठेवण तीच राहते, त्यामुळे मोठे ड्रॉइंग लहान कागदावर उतरवताना कडेला वाया जात नाही.

थोडं इकडं-तिकडं म्हणजे किती?

आता मुख्य मुद्दा. जगात कोणतीही वस्तू बरोबर २५ मिलिमीटरची करता येत नाही. चांगल्यातला चांगला टर्नरही कुठे २५.०१ करील, कुठे २४.९९. मग ड्रॉइंगमध्ये माप लिहिताना किती चूक चालेल तेही लिहावे लागते. या सवलतीला टॉलरन्स म्हणतात.

त्या पेरणीयंत्राच्या चाकाचेच उदाहरण घेऊ. २५ मिलिमीटरच्या दांड्यासाठी भोकाला एच-७ असा दर्जा लिहिला, तर भोक २५.००० पासून २५.०२१ पर्यंत चालते. त्याहून लहान नाही, मोठे नाही. चाक घट्ट सरकून बसवायचे तर दांड्याला एच-६ द्यायचा, म्हणजे दांडा २४.९८७ ते २५.०००. तोच दांडा बुशात सुटा फिरायला हवा असेल तर एफ-७, म्हणजे २४.९५९ ते २४.९८०. भोक तेच, दांड्याचा आकडा बदलला की बैठक बदलते. यालाच फिट म्हणतात. माणसाच्या केसाची जाडी साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर असते. हा सगळा खेळ त्याहूनही बारीक आहे. आणि आपल्या मृगातल्या चाकात ढिलाई होती ०.४ मिलिमीटर. म्हणजे फोनवर "थोडा फरक" वाटला, तो प्रत्यक्षात दहापटीहून मोठा होता.

पण म्हणून सगळीकडे केसाएवढी मापे मागायची नाहीत. नेमकेपणाला पैसे पडतात. कोळप्याच्या दांडीला एक मिलिमीटर इकडे-तिकडे झाले तर काय बिघडते? जिथे फिरते, सरकते किंवा दुसऱ्या भागात बसते तिथे बारीक माप. बाकीच्या ठिकाणी सैल. हे ओळखणे म्हणजेच ड्रॉइंग करणाऱ्याची अक्कल.

दुसरी गोष्ट, माप कोठून घ्यायचे? समजा पाच फणांचे पेरणीयंत्र आहे, ओळींतले अंतर ४५ सेंटिमीटर. पहिल्या फणापासून दुसरा, दुसऱ्यापासून तिसरा असे मोजत गेले आणि दर वेळी तीन मिलिमीटर चूक झाली, तर शेवटचा फण बारा मिलिमीटर सरकतो. चुका साखळीसारख्या एकमेकींना जोडल्या जातात. त्याऐवजी सगळी मापे एकाच मध्यरेषेपासून घेतली तर कोणताही फण तीन मिलिमीटरच्या वर चुकत नाही. जिथून सगळे मोजायचे त्या जागेला डेटम म्हणतात. घर बांधताना गवंडी सगळ्या खोल्या एकाच कोपऱ्यापासून आखतो, त्यामागचे शहाणपण हेच आहे.

कॉम्प्युटर आला, पेन्सिल गेली; भूमिती मात्र तिथेच

पूर्वी हे सगळे ड्रॉइंग बोर्डावर टी-स्क्वेअर लावून, ट्रेसिंग पेपरवर शाईने काढत. चूक झाली की ब्लेडने खरवडायचे. प्रती अमोनियावर निघत. त्या वासाने डोळ्यांतून पाणी येई. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलँड या विद्यार्थ्याने प्रकाशाच्या पेनने पडद्यावर रेघा काढून दाखवल्या; त्या प्रोग्रॅमचे नाव स्केचपॅड. १९८२ च्या शेवटी ऑटोकॅड आले आणि टेबलावर मावणाऱ्या कॉम्प्युटरवर ड्रॉइंग होऊ लागले. मग हळूहळू बोर्ड गेले.

कॅडमध्ये रेघ म्हणजे नुसते चित्र नव्हे. कॉम्प्युटर लक्षात ठेवतो ते आकडे. शाळेतली निर्देशक भूमिती आठवा. एक आरंभबिंदू, आडवा अक्ष, उभा अक्ष. "मारुतीच्या देवळापासून पूर्वेला चाळीस पावलं आणि उत्तरेला पंचवीस पावलं" असे सांगितले की विहीर सापडते; तसेच दोन आकड्यांनी बिंदू सापडतो आणि दोन बिंदूंनी रेघ. म्हणून कितीही मोठे करून पाहिले तरी ती फुटत नाही, फोटो मात्र फुटतो. आणि म्हणूनच फोटोवरून यंत्र कापत नाही, कॅडच्या फाइलवरून कापते.

काही शब्द समजून घेऊ.

ग्रिड आणि स्नॅप: ठिपक्यांची रांगोळी आपल्या बायका-मुली रोज काढतात. ठिपके आधी, रेघ नंतर आणि रेघ ठिपक्यालाच जाऊन मिळणार. पडद्यावरचे ठिपके म्हणजे ग्रिड, आणि रेघेचे टोक नेमके बिंदूला चिकटणे म्हणजे स्नॅप. अंदाजाने टोक जुळवले तर डोळ्याला जुळलेले दिसते, पण मधे फट राहते.

लेअर: एकाच गावाचा नकाशा तीन ट्रेसिंग पेपरांवर काढा. एकावर गटांच्या हद्दी, दुसऱ्यावर ओढे-रस्ते, तिसऱ्यावर विहिरी आणि पाइपलाइन. एकावर एक ठेवले की पूर्ण नकाशा, हवा तो पेपर काढून घेतला की तेवढेच दिसते. कॅडमधला लेअर हाच.

ब्लॉक: रांगोळीचा छाप असतो तसा. नट-बोल्ट एकदाच नीट काढायचा आणि लागेल तिथे उठवायचा.

खऱ्या मापात काम: कागदावर आपण लहान प्रमाणात काढतो, कॅडमध्ये वस्तू नेहमी खऱ्या मापात, एकास एक अशी काढायची. प्रमाण ठरवायचे ते छापताना.

थ्री-डी: चकलीचा सोऱ्या आठवा. खालची चकती जशी, तशी चकली किंवा शेव लांब बाहेर येते. एक सपाट आकार घेऊन तो उंचीत ओढला की घन वस्तू तयार. याला एक्स्ट्रूड म्हणतात. कुंभाराच्या चाकावर नुसती कड धरली की गाडगे आकार घेते. तसा आकार अक्षाभोवती फिरवला की रिव्हॉल्व्ह. भोक पाडणे म्हणजे त्यातून एक गोल दांडा वजा करणे.

पॅरामेट्रिक: यात माप हेच आकाराचे मालक. ओळींतले अंतर ४५ चे ३० सेंटिमीटर केले की सगळे फण, भोके आपोआप सरकतात. सोयाबीनचे यंत्र दुसऱ्या पिकासाठी बदलायचे तर नव्याने काढावे लागत नाही.

कटिंगवाल्याकडे जाण्याआधी

आता तालुक्याच्या ठिकाणी प्लाझ्मा आणि लेसर कटिंगची यंत्रे आली आहेत. डीएक्सएफ नावाची फाइल दिली की यंत्र पत्रा कापून देते. पण यंत्र मुके असते, ते विचारत नाही, "काका, हे नक्की असंच हवं का?" चार चुका सर्रास होतात.

फाइल मिलिमीटरमध्ये काढलेली आणि यंत्रावर इंच धरले, तर हाताएवढी वस्तू २५.४ पट होते. उलट झाले तर करंगळीच्या नखाएवढी. आकार कोठेतरी उघडा राहिला, तर यंत्राला आत-बाहेर कळत नाही. एकाच रेघेवर दुसरी रेघ पडलेली असली, तर यंत्र तीच जागा दोनदा कापते. आणि ज्वाला स्वतः थोडे धातू खाते, प्लाझ्माला साधारण दोन-तीन मिलिमीटर. ते धरले नाही तर भोक मोठे आणि तुकडा लहान येतो. या चारही चुका कागदावर, फुकटात सुधारता येतात. लोखंडात सुधारायला गेले की पैसे पडतात.

पोरांनो, बटणं नंतर, आधी हात

दहावीनंतर आयटीआयमध्ये आरेखक यांत्रिकी आणि आरेखक स्थापत्य असे दोन वर्षांचे ट्रेड आहेत. गावाकडच्या मुला-मुलींसाठी हा चांगला मार्ग आहे. मात्र बाजारात दुसराही प्रकार दिसतो. दोन महिन्यांचा कॅडचा कोर्स, भिंतीवर लावायला प्रमाणपत्र आणि मुलाखतीत साहेबाने टेबलावर एक बुश ठेवून "याचं ड्रॉइंग काढ" म्हटले की घाम. कमांड येणे म्हणजे ड्रॉइंग येणे नव्हे. टाइपरायटर आला म्हणून कोणी लेखक होत नाही.

आम्ही एवढेच सुचवतो. आधी पेन्सिलीने, पट्टी न घेता, घरातल्या वस्तूंची तीन दृश्ये काढा. अडकित्ता, पाटीची कड, सायकलचा पेडल, काहीही. मग व्हर्निअर कॅलिपर वापरायला शिका. बरी प्रत घेतली तर वर्षानुवर्षे टिकते. मिस्त्रींच्या दुकानात सुट्टीत चार दिवस बसा, कोणता भाग का झिजला ते बघा. त्यानंतर कॉम्प्युटर. त्यासाठी महागडे सॉफ्टवेअरच पाहिजे असे नाही. सपाट ड्रॉइंगसाठी लिब्रेकॅड आणि थ्री-डीसाठी फ्रीकॅड ही दोन्ही मोफत मिळतात आणि नियमाने वापरता येतात. चोरीची प्रत घेण्याची गरज नाही.

दुकानात एक मापवही

वर्कशॉपवाल्यांनी आणि यंत्र बाळगणाऱ्या शेतकऱ्यांनी आजपासून एक वही घालावी. एका पानावर एकच भाग. त्याची दोन किंवा तीन दृश्ये, हाताने काढलेली असली तरी चालतील. सगळी मापे मिलिमीटरमध्ये. इंच आणि सूत एकाच पानावर मिसळू नये. जो भाग फिरतो किंवा बसतो, त्याचे माप व्हर्निअरने घेऊन दशांशात लिहावे आणि ते नव्या भागाचे की झिजलेल्या भागाचे, हेही लिहावे. झिजलेल्या नमुन्यावरून नवा भाग केला तर झीजही नव्याने तयार होते! खालच्या कोपऱ्यात भागाचे नाव, यंत्र, धातू, तारीख आणि माप घेणाऱ्याची सही. कारखान्यात याच चौकटीला टायटल ब्लॉक म्हणतात. माप बदलले की जुने खोडून न टाकता नवी तारीख घालून खाली लिहावे, म्हणजे कोणते माप चालू आहे याचा घोळ होत नाही.

त्या शेतकऱ्याने पुढच्या खेपेला काय केले? चैत्रातच यंत्र खोलले. मुलाने व्हर्निअर लावून दांडा मोजला, वहीच्या पानावर चाक काढले आणि भोकापुढे ठळक लिहिले: २५ मि.मी., इंच नव्हे. मिस्त्रींनी ते पान हातात घेतले, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "हे असं आणत जा रे बाळा. आता मला काही विचारायलाच नको." चाक बसवले, हाताने फिरवून पाहिले, हेलकावा नाही. पान दुकानातच खिळ्याला अडकवून ठेवले आहे.

वाफसा दोन दिवसांचा असतो. कागद काढायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास उन्हाळ्यातच काढावा, हे उत्तम.